आजीबाईंना लिहिलेली पत्रं

माझी एक भाची आहे. मी इथे जे काही खरडते ते नेमानं वाचते आणि नेमानं भांडते. गेल्या महिन्यात ती एका ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर तिच्या चर्चमध्ये गेली होती. तिथे पाद्रीबाबांनी आज्ञापालनावर प्रवचन दिलं. घरी येऊन हिचा मला फोन. "मावशी, देव सगळ्यांवर प्रेम करतो म्हणतात ना, मग त्याला आज्ञा कशाला द्याव्या लागतात? आणि आज्ञा पाळल्या तरच प्रेम करणार असेल, तर त्याला प्रेम म्हणायचं की नोकरी?"

आता मी काही ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राचा माझा अभ्यासही नाही. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, एवढंच माझं भांडवल. पण प्रश्न डोक्यातून जाईना. एक मात्र लगेच आठवलं. हाच प्रश्न एका मराठी बाईनं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या घरचं अन्न खात होती त्याच लोकांना विचारला होता. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. म्हणून आज उपदेश नाही, इतिहासच सांगते.

आधी थोडं बायबलबद्दल, म्हणजे पुढचं भांडण समजेल. योहानाच्या शुभवर्तमानात चौदावा अध्याय आहे. पकडला जाण्याआधीच्या रात्री येशू शिष्यांशी शेवटचं बोलतो आहे. तिथे त्यानं प्रेम आणि आज्ञा यांची गाठ मारून ठेवली आहे. माझ्यावर प्रेम करणारा माझ्या आज्ञांप्रमाणे वागेल, अशा अर्थाचं तो बोलतो. गाठ म्हटली की तिला दोन टोकं आली. एक टोक धरून म्हणता येतं, प्रेम आहे म्हणतोस ना, मग आज्ञा पाळून दाखव. दुसरं टोक धरून म्हणता येतं, आधी प्रेम येऊ दे, पाळणं त्याच्या मागून आपोआप येईल. वरवर दोन्ही सारखीच वाटतात. पण पहिल्यात परीक्षक बसलेला आहे, दुसऱ्यात नाही. आणि परीक्षक आला की तिसरा प्रश्न उभा राहतो. आज्ञा नक्की कुणाची? देवाची, की देवाच्या नावानं बोलणाऱ्याची?

रमाबाईंना हा तिसरा प्रश्न लहानपणापासून ठाऊक होता. त्यांचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, आणि हट्टी. बायकोला संस्कृत शिकवायचंच, हा त्यांचा ध्यास. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात आपले गुरू राणीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी विद्यार्थी असताना पाहिलं होतं, तेव्हापासून घेतलेला. समाज खवळला. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. स्त्रियांना शिकवू नये असं शास्त्र सांगत नाही, हे त्यांनी शास्त्रातलीच वचनं काढून दाखवलं. म्हणजे शास्त्राची आज्ञा मानायची, पण शास्त्र्यांची मानायची नाही! ही चाल मुलीनं पुढे जशीच्या तशी उचलली आहे, हे ध्यानात ठेवा.

पण याच अनंतशास्त्र्यांच्या आज्ञापालनाची दुसरी बाजू फार दुःखाची आहे. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. मिळालेलं द्रव्य दानात, व्रतात, ब्राह्मणभोजनात घालायचं, कारण शास्त्रात तसं सांगितलं आहे, देव प्रसन्न होईल. देव काही प्रसन्न झाला नाही. दुष्काळाची वर्षं आली. पैसा संपला, भांडी गेली, दागिने गेले. मजुरी करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज. शेवटी जंगलात झाडपाल्यावर दिवस काढले. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, मग थोरली बहीणही गेली. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती.

हे सगळं रमाबाईंनी पुढे १९०७ साली स्वतःची साक्ष म्हणून छोट्या पुस्तकात लिहिलं आहे. त्यातला एक प्रसंग वाचताना मी दरवेळी थांबते. वडिलांची दृष्टी गेली होती. मरणाच्या दारात असताना त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं, की तू माझी सगळ्यात लाडकी, मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, जन्मभर त्याचीच राहा आणि त्याचीच सेवा कर. कुठला देव, कुठलं मंदिर, कुठलं व्रत, यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. माझ्या मते रमाबाईंनी आयुष्यात खऱ्या अर्थानं एकच आज्ञा पाळली, ती ही. आणि ती प्रेमाच्या पोटातून आलेली होती. बाकी ज्यांनी ज्यांनी त्यांना आज्ञा करून पाहिल्या, त्यांची काय गत झाली ते आता सांगते.

भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथेच त्यांनी धर्मशास्त्रं खोलात वाचली, बायकांपुढे व्याख्यानं देण्यासाठी. त्यांनी लिहून ठेवलंय की ग्रंथाग्रंथांत एकमेकांशी मेळ नव्हता, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं, बायकांची जात वाईट, आणि नवऱ्याची आज्ञा पाळणं एवढाच तिचा मोक्षाचा मार्ग. नवरा कसाही असो! देव आणि बाई यांच्यामध्ये नवरा उभा. ज्या मुलीला बापानं थेट देवाच्या हाती दिलं होतं, तिला हे कसं रुचावं?

भाऊही १८८० साली गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. सुखाचा संसार दोन वर्षंही टिकला नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीनं गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. रमाबाई पुण्याला आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. आणि तिथेच पंचहौद मिशनमधल्या इंग्रज भगिनींशी ओळख झाली. (पंचहौद म्हटलं की आपल्याला चहा आठवतो. १८९० साली तिथे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आलं आणि प्रायश्चित्तापर्यंत पाळी गेली. आज्ञापालनाच्या इतिहासात तोही एक प्रकार. असो.) या भगिनी इंग्लंडमधल्या वॉन्टेज गावच्या मठातल्या. हा मठ १८४८ साली स्थापन झालेला, अँग्लिकन पंथाचा. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. भगिनींनी इंग्लंडमध्ये सोय करण्याचं कबूल केलं, बदल्यात रमाबाई त्यांना मराठी शिकवणार. १८८३ मध्ये रमाबाई, लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण बोटीवर चढल्या. ख्रिस्ती होण्याचा विचार नाही, असं रमाबाई निघताना म्हणत होत्या.

वॉन्टेजला त्यांची देखभाल सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे आली. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणायच्या. इंग्रजी पत्रांतसुद्धा मायना 'आजीबाई'! लाड, आदर, चिडवणं, सगळं त्या एका शब्दात आहे. या आजीबाईच आजच्या गोष्टीतल्या दुसऱ्या महत्त्वाच्या व्यक्ती.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. पहिली भयंकर. आनंदीबाई भगत यांनी वॉन्टेजला आत्महत्या केली. आपल्याला जबरदस्तीनं बाटवतील या भीतीनं त्यांना ग्रासलं होतं. परमुलखात, एकट्या बाईच्या मनात भीतीनं काय होऊ शकतं, ते रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. दुसरी गोष्ट फुलहॅमची. लंडनजवळच्या फुलहॅमला याच भगिनींचं एक घर होतं, वाट चुकलेल्या, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी. ज्या बायकांसाठी आपल्या शास्त्रांत फक्त शिक्षा, त्यांची या भगिनी सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परजातीची बाई, आणि तिच्याशी तो खऱ्या धर्माबद्दल बोलतो. रमाबाई लिहितात की त्या क्षणी त्यांना कळलं, बाईला वर उचलणारा कुणी असेल तर हाच. २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आता इथे माझ्यातली इतिहासाची बाई जागी होते. रमाबाईंना ओढून नेलं ते प्रेमानं. कुणी वादात हरवलं म्हणून किंवा कुणी आज्ञा केली म्हणून त्या गेल्या नाहीत (नीळकंठशास्त्री गोऱ्यांच्या युक्तिवादाचा वाटा होता, पण तो डोक्यापुरता). मठाची समजूत मात्र अशी झाली, की प्रेमानं आली ना, मग आता आज्ञेत राहील. खटके उडायला लागले ते इथून.

सुरुवात जेवणापासून. रमाबाई मांस, मासे, अंडी खाईनात. आजीबाईंना वाटलं, हा जातीचा अभिमान, ख्रिस्ती नम्रतेला न शोभणारा. रमाबाईंनी उत्तर दिलं की मी हिंदी बाई आहे आणि पूर्वजांच्या ज्या चालीरीती ठेवता येतील त्या ठेवीन, त्यात माझ्या विश्वासाला बाधा येत नाही. शेवटपर्यंत त्या शाकाहारी राहिल्या. मग क्रॉसची गोष्ट. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं. रमाबाईंचा प्रश्न, लॅटिन का? आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये देवाला काय जास्त गोड लागतं? वाचताना हसू येतं, पण प्रश्न साधा नाही. परमेश्वराची म्हणून जी आज्ञा सांगता, तिच्यात परमेश्वराचं किती आणि इंग्लंडचं किती, हे त्या विचारत होत्या. हा प्रश्न आजीबाईंना कळला नसावा असं पत्रं वाचून वाटतं.

कान अधू होत चालल्यामुळे डॉक्टरीचा बेत सुटला. १८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथे त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. प्राचार्या डोरोथिया बील, त्या काळातल्या मोठ्या शिक्षणतज्ज्ञ. (माझ्या मते या सगळ्या इंग्रज मंडळींत रमाबाईंशी बरोबरीनं बोलणाऱ्या त्या एकट्याच. मुख्याध्यापिका असाव्यात तर अशा.) बीलबाईंनी सुचवलं की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भाषा शिकवावी, चार पैसे मिळतील, स्वावलंबन होईल. यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत मागवलं गेलं. ते म्हणाले, छे छे, पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात परत गेल्यावर हिच्याबद्दल लोक काय म्हणतील!

रमाबाई उसळल्या. माझ्या आईनं आणि मी तरुण मुलांना शिकवलं, ते माझ्या सनातनी बापाला चाललं, माझ्या नवऱ्याला चाललं, आणि आता तुम्हा इंग्रजांना चालत नाही, याचं आश्चर्य वाटतं, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं.

मग मे १८८५ चं ते पत्र. रमाबाई सत्तावीस वर्षांच्या. जेवण-खाण, निवारा, मुलीची काळजी, सगळं ज्यांच्या हातात, त्या आजीबाईंना लिहिलेलं. आशय थोडक्यात सांगते. देवानं मला सदसद्विवेक दिला आहे, बुद्धी दिली आहे, निवाडा करण्याची शक्ती दिली आहे, ती मी वापरणार. आपल्याकडच्या पुरोहितांचं जू मी नुकतंच मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता पाद्र्यांकडून येईल ते सगळं परमेश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारून तसलंच दुसरं जू घ्यायला मी तयार नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण बिशपाच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानण्याला बांधलेली नाही. तुम्ही याला स्वैराचार म्हणा हवं तर, पण देवाच्या वचनाची आज्ञा पाळणं वेगळं आणि पाद्र्यांची आज्ञा पाळणं वेगळं.

उडुपीच्या सभेत उभे असलेले अनंतशास्त्री दिसतात की नाही या पत्रात?

त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चमत्कार, यांबद्दलही रमाबाईंच्या शंका होत्या आणि त्या पत्रांतून मोकळेपणी मांडत. बाप्तिस्मा घेतला म्हणून कळत नसलेल्या गोष्टीला मान डोलवायला त्या तयार नव्हत्या. मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही वाजलं.

इथे आजीबाईंची बाजू सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. जोगीण होताना मठात तीन व्रतं घेतात, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. जेराल्डिनबाईंनी आपलं सगळं आयुष्य या तिसऱ्या व्रताला वाहिलेलं. वरिष्ठांच्या शब्दात देवाची इच्छा ऐकायची, स्वतःचं 'मी' त्यात विरघळवायचं, हीच त्यांची देवावर प्रेम करण्याची रीत. आपल्याकडे गुरूच्या शब्दाखातर शिष्यानं काय काय केलं याच्या कथा कमी आहेत का? तेव्हा त्या रमाबाईंना दडपत होत्या असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. स्वतःला जे अमृत लाभलं तेच त्या लेकीला भरवू पाहत होत्या. फरक इतकाच की आजीबाईंनी ते व्रत आपणहून घेतलं होतं. रमाबाईंनी घेतलं नव्हतं. न मागता गळ्यात पडलेलं व्रत म्हणजे पुन्हा ते जूच. आणि राज्यकर्त्या देशातली बाई गुलाम देशातल्या बाईला नम्रता शिकवते, तेव्हा ती कितीही मायेनं शिकवो, त्यात एक काटा राहतोच. आजीबाई या प्रेमळ होत्या, पण हा काटा त्यांना कधी दिसला नाही, असं माझं मत.

१८८६ च्या सुरुवातीला रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार त्या समारंभासाठी. राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. तिथे 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहिलं. रखमाबाईंचा खटला तेव्हा गाजत होता. नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं दिला. नवऱ्याकडे जाण्याची आज्ञा आता इंग्रज सरकारच करू लागलं, यावर रमाबाईंनी कडाडून लिहिलं आहे. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन निघाली. तिच्या पाठबळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदासदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, पूर्वीच्या गोदूबाई, याच शाळेतल्या.

शारदासदनात धर्म शिकवायचा नाही, असा करार होता. आणि तो पाळला गेला, पण एका खोडीसह. रमाबाई स्वतः रोज प्रार्थना करत, दार उघडं ठेवून. मुली हळूच येऊन बसत. 'केसरी'नं रान उठवलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर हे सल्लागारही बाजूला झाले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. पुणेकरांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. विधवा लेकीला शाळेत पाठवताना बापानं आधीच अर्ध्या गावाचं वैर घेतलेलं असायचं. त्यात ती ख्रिस्ती झाली तर त्याला तोंड दाखवायला जागा नाही. त्याची भीती खरी होती. पण दार लावून प्रार्थना कर, ही आज्ञा रमाबाई पाळणार नव्हत्या, हेही तितकंच खरं. ज्या बाईनं बिशपांचं ऐकलं नाही ती रानड्यांचं काय ऐकणार!

आणि सरकारचंही नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात छावणीत नेलेल्या त्यांच्या एका मुलीचे हाल झाले. तेव्हा त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात सरकारी व्यवस्थेवर सडकून लिहिलं. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप खोटे ठरवले. रमाबाईंनी माघार घेतली नाही.

शास्त्री, बिशप, सुधारक, सरकार, चौघांनीही त्यांना उद्धट ठरवलं. मला विचाराल तर एवढी आज्ञाधारक बाई मी इतिहासात क्वचित पाहिली. फक्त ती एकाचीच आज्ञा पाळत होती.

त्यांच्या मनात मात्र एक उणीव सलत होती, असं त्या स्वतःच लिहितात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. मतं पटली, नीती पटली, जीव काही शांत झाला नाही. मग जे घडलं त्याचं वर्णन त्या अगदी साधं करतात. आपण काही कमवायचं नाही, त्याचं प्रेम आधीच आपल्यावर आहे, हे आतून पटलं. भाचीबाई, तुझ्या नोकरीच्या प्रश्नाचं त्यांच्यापुरतं उत्तर हे आहे. अनंतशास्त्र्यांनी दानं केली, व्रतं केली ती देवानं प्रसन्न व्हावं म्हणून. लेकीला कळलं ते हे, की प्रसन्न करून घ्यायची गरजच नाही. हे कळल्यावर बाई हातपाय पसरून निवांत बसली असती तर आश्चर्य नव्हतं. पण झालं उलटंच.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली घेऊन आल्या. मग केडगाव. पुण्याहून दौंडकडे जाताना लागतं ते. तिथल्या माळावर विहिरी खणल्या, झाडं लावली, 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या. संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, छापखाना, सगळं बायका चालवत. आणि एक 'कृपासदन', समाजानं टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला पाहिलेलं ते घर, ते या माळरानावर आलं! या सगळ्याची आज्ञा त्यांना कुणी दिली? कुणीच नाही. स्वतः उपासमार पाहिलेल्या बाईला दुष्काळातली मुलगी दिसली, एवढंच.

दोन हजार जणींचं घर घंटेशिवाय, नियमाशिवाय चालत नाही, हे कुठलीही शिक्षिका सांगेल. म्हणजे इथे आज्ञा करणाऱ्या रमाबाई. इथे मला प्रश्न पडतो तो मनोरमेचा. तिनं बालपणीच समुद्र ओलांडले. आई अमेरिकेत कामात असताना काही काळ ती वॉन्टेजला आजीबाईंकडे राहिली. पुढे अमेरिकेत शिकली, परत येऊन आईच्या कामाला लागली, अंध मुलींना ब्रेल शिकवली, शारदासदनाचा भार उचलला. लग्न केलं नाही. १९२१ च्या जुलैत, चाळिसाव्या वर्षी, आईच्या आधी गेली. आईच्या कामासाठी झिजणारी मुलगी हे प्रेमानं करते आहे की आज्ञेनं, हे बाहेरून कसं ओळखायचं? तिच्याबद्दल जे वाचलं त्यात कुरकूर नाही. ती आनंदी होती असंच सगळे लिहितात. तरी माझं मन तिथे अडखळतं, खरं सांगायचं तर. मोठ्या माणसांच्या मुलांबद्दल वाचताना नेहमीच अडखळतं.

शेवटची पंधराएक वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली, संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर. बायबलची मराठी भाषांतरं आधीपासून होती, पण त्यांना हवं होतं ते खेड्यातल्या साध्या बाईला वाचता येईल असं. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. मधला पाद्री नको, मधला बिशप नको, बाईनं स्वतः वाचावं आणि स्वतः ठरवावं, देव काय सांगतो ते. १८८५ च्या त्या पत्राचाच हा पुढचा भाग आहे, असं मला वाटतं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत त्यांनी देवाकडे थोडे दिवस मागून घेतले होते, असं सांगतात. ग्रंथ बाहेर पडला १९२४ मध्ये.

आणि आजीबाई? त्यांचा आणि रमाबाईंचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला, मतभेद काही मिटले नाहीत. आज आपल्याला रमाबाईंची ती तिखट पत्रं वाचायला मिळतात ती जेराल्डिनबाईंमुळे. त्यांनीच ती जपली, जमवली, क्रमानं लावून ठेवली. स्वतःला ठणकावून सुनावलेली पत्रंसुद्धा. फाडून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादन करून महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळातर्फे ती छापली, तेव्हा संकलक म्हणून नाव सिस्टर जेराल्डिन यांचंच आहे.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा अवघड नाही. जुन्या ग्रंथालयात चौकशी केलीत तर मिळेल. आधी १८८५ ची पत्रं वाचा, मग मागे-पुढे जा. मराठीत वाचायचं असेल तर देवदत्त नारायण टिळकांनी १९६० मध्ये लिहिलेलं रमाबाईंचं चरित्र आहे. हे देवदत्त म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे चिरंजीव. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या मागून ख्रिस्ती व्हायला पाच वर्षं का घेतली, हीसुद्धा आज्ञेची आणि प्रेमाचीच गोष्ट आहे, पण ती पुढच्या वेळी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सलग बसायला मनाई केली आहे.